दुखणाईताची कॉफी

माझ्या सासरी धडधाकट माणसानं कॉफी मागितली, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघत. चहा सगळ्यांचा. गुळाचा, जवळजवळ काळा, सकाळी एकदा आणि उन्हं कलली की एकदा. कॉफी मात्र दुखणाईताची. कुणाला ताप आला, कुणाला जुलाब झाले, कुणी बोरीवरून पडलं, की मग सासूबाई फडताळातला डबा खाली काढायच्या. त्यात कागदात गुंडाळलेल्या कॉफीच्या वड्या असायच्या, साखर घालूनच थापलेल्या. शेजारी ओवा, हिंग, सुंठ. म्हणजे कॉफीची जात कुठली, हे डबा उघडला की कळायचंच.

आमचे हे गावच्या शाळेत मास्तर होते. गाव जामखेडच्या पलीकडं, उघड्या माळावर. कामानिमित्त नगरला गेले की हे त्या वड्या घेऊन यायचे. मी मूळची नगरची, कोर्टातल्या कारकुनाची लेक. माहेरी कॉफी पाहुण्यांची. आम्हा पोरींच्या वाट्याला कपाचा तळ यायचा, तोही भांडून. चांगली कपभर कॉफी मी जन्मात पहिल्यांदा प्यायले ती सासरी, लग्नानंतरच्या पहिल्या तापात. सासूबाईंनी शेळीच्या दुधात वडी कुस्करून घातली होती, सहाणेवर जायफळ उगाळून त्यात कालवलं होतं, आणि पितळी पेल्यात ओतून माझ्या हातात दिली होती. त्या दिवसापासून मला ताप आवडायला लागला.

आता इतक्या वर्षांनी त्या पोरीकडं बघते तर हसू येतं आणि दमायलाही होतं. मॅट्रिक पास. लांब वेणी. आल्यागेल्याला पेपर वाचून दाखवायची. अक्कल बहुतेक सामानात बांधायची राहून गेली असावी.

बहात्तर सालचा दुष्काळ पडला त्या वर्षी मला दिवस गेले. विहिरीत टँकरनं आणून ओतलेलं पाणी, त्यावर सगळ्या गावाच्या कळश्या. बैल छावणीत गेले होते, म्हैस आधीच विकली होती. दावणीला एक शेळी उरली, ती बाभळीच्या पाल्यावर जगायची. पाण्याला सासूबाई जायच्या. मला त्या उठू द्यायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही उठवत नव्हतं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जायचं तर मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागायचं. भाकरी थापताना हात जड व्हायचे, जणू दुसऱ्या कुणाचे खांद्याला लावलेत.

बाजारच्या दिवशी जामखेडहून एस.टी.नं नर्सबाई यायच्या आणि शाळेच्या ओट्यावर बसायच्या. गरोदर बायांना गोळ्या द्यायचं सरकारनं नुकतंच काढलं होतं. सासूबाई मला घेऊन गेल्या. नर्सबाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर टिपला. त्यांच्याजवळ एक पट्टी होती, तिच्यावर लाल रंगाच्या छटा, गडदपासून फिकटापर्यंत. थेंब त्या पट्टीशेजारी धरून त्या एकेक छटा खाली सरकत गेल्या, सरकत गेल्या, आणि पट्टी संपली.

"बाई, जेवता का नुसती हवा खाता?"

"जेवते की."

"कागद तर तसं म्हणत नाही." मग त्या सासूबाईंकडं वळल्या. "मावशी, हिच्या अंगात रक्त नाही. रोज एक गोळी द्यायची. पुढच्या महिन्यात परत बघीन. रंग चढला तर बाळंतपण इथं करू. नाही चढला तर नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. अंगात रक्तच नसलं तर थोडं गेलं तरी बाई हाती लागत नाही."

सासूबाईंनी गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली आणि चालायला लागल्या. अर्ध्या वाटेत, माझ्याकडं न बघताच, म्हणाल्या, "थोरली माजी तशीच गेली. पोर झालं, समदं बरं झालं, अन् मग रगत थांबंना. गाडी जुपूस्तवर हुती बग. मारुतीच्या देवळापाशी गेलो अन् मंग न्हवती."

मला एक थोरली नणंद होती आणि ती गेली, एवढंच ठाऊक होतं. कशानं ते त्या दिवशी कळलं. जामखेडहून नगरपर्यंतचा रस्ता मी माहेराला जाताना नेहमी बघायची, खड्डे मोजत नाही तर झोपा काढत. त्या दिवशी तो रस्ता मला पहिल्यांदा लांब वाटला.

घरी आल्यावर सासूबाईंनी डबा खाली काढला तो परत वर ठेवलाच नाही. मी आता रीतसर दुखणाईत झाले होते. शेळीचं जेवढं म्हणून दूध निघायचं ते सगळं माझ्या कॉफीत. मास्तरांचा चहाही बिनदुधाचा झाला. बिचारे एकदा फक्त माझ्या पेल्याकडं बघून म्हणाले, "पुढच्या जन्मी मीच गरोदर राहतो."

गोळीची चव गंजका खिळा चोखल्यासारखी. तोंडात ठेवली की पोटातलं वर यायचं. सासूबाईंनी ठरवून टाकलं, "उपाशी पोटी औशीद घेऊ नये. कॉफीसंगं गीळ. गोळीचं काम गोळी करील, कॉफी ताकद दील." मला यात काही चूक दिसेना. उलट असा हुकूम रोज मिळावा. सकाळी गोळी आणि कॉफी, दुपारी भाकरी आणि कॉफी. मी थोडं कण्हले, की दिवस मावळायच्या आत आणखी एक.

आणि ताकद यायचीही. पेला संपला की घटकाभर मी ताठ बसायची, निवडटिपण करायची, बोलायची. मग छातीत धडधड सुरू व्हायची, हात थरथरायचे, आणि मी आधीपेक्षा खाली जायची. दुपारी डोळे मिटून पडलं तरी झोप नाही, आणि जाग आहे म्हणावं तर तीही धड नाही. मी सांगायची, "आत्याबाई, छाती उडतेय." त्या म्हणायच्या, "अशक्तपना हाय त्यो. घे आनखी घोटभर." आणि झोप यावी म्हणून जायफळ वाढवायच्या. एकाच पेल्यात उठवायचं आणि निजवायचं असं दोन्ही. कॉफीनं दावं सोडायचं, जायफळानं बांधायचं, आणि मी मधल्या मधे उभी. मॅट्रिकमध्ये शास्त्र हा विषय मला होता हे कुणाला सांगू नका.

महिन्यानं नर्सबाईंनी परत सुई टोचली. थेंब, कागद, पट्टी. त्या सरकत सरकत परत शेवटच्या छटेला आल्या, तिथं थांबल्या आणि माझ्याकडं रोखून बघायला लागल्या.

"गोळ्या उकिरड्यावर टाकता ना? खरं सांगा, रागावणार नाही."

माझ्याआधी सासूबाईच पेटल्या. "उकिरड्यावर? माज्या म्होरं गिळती ती. तोंड उघडून बगते मी, जीब वर करून बगते."

"परसाकडला काळं होतं का?"

"व्हय, डांबरावानी," सासूबाईंनी ओट्यावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी पदर तोंडावर घेतला.

"म्हणजे पोटात तर जातायत." नर्सबाई विचारात पडल्या. "खातेय काय ही?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी मिळाली तर पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. कॉफीचं नाव त्यांच्याही तोंडी आलं नाही, माझ्याही नाही. आम्ही ती लपवली नाही. खाण्यापिण्यात ती आम्ही धरतच नव्हतो. ती औषध. आणि खातेस काय असं विचारलं तर औषध कोण सांगतं?

"आणखी एक महिना," नर्सबाई म्हणाल्या. "मग मात्र नगर. तिकडं जायची तयारी ठेवा."

त्या आठवड्यात सासूबाईंनी नगरला नेण्यासाठी माझं गाठोडं बांधलं. जुनी लुगडी फाडून, धुऊन, घड्या घालून. पाण्याला जायच्या, यायच्या, शेळीपुढं पाला टाकायच्या, माझ्यापुढं पेला ठेवायच्या आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर बसून राहायच्या. त्यांचे डोळे खोल गेले होते. आम्ही दोघीही इतक्या थकलो होतो, की एकमेकींची काळजी करायचंही जिवावर यायचं.

आणि शेळी आटली. पाल्यावर किती दिवस दूध देणार? एका सकाळी सासूबाई रिकामं भांडं घेऊन आत आल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या.

मी म्हटलं, "मग बिनदुधाची करा."

"काळी कॉफी? काळीज जाळती ती. पोटूशी बाईला?" त्यांनी डबा उचलला आणि फडताळात वर, माझा हात पोचणार नाही तिथं ठेवला.

पुढचे काही दिवस मी जे तोंड करून बसले होते, ते आठवलं की आजही त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. डोकं असं ठणकायचं, की मी फडकं आवळून भिंतीकडं तोंड करून पडायची. मला वाटायचं, हे रक्त कमी झाल्याचं लक्षण. आपण आता चाललो, आणि या घरात एक घोट कॉफी मिळू नये. मी सासूबाईंशी बोलणं टाकलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. गोळी कोरडी गिळवत नाही म्हणून त्यांनी चिंच कोळून, गूळ घालून पाणी केलं. "हे घे. कॉफीची सर न्हाई, पर गोळी उतरंल." गोळी उतरली. डोकं पाच-सहा दिवसांत थांबलं. आणि मग मला झोप लागायला लागली, दुपारचीसुद्धा, तोंड उघडं टाकून.

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी थेंब पट्टीशी धरला आणि खालची छटा ओलांडून वर गेल्या. परत धरून बघितला. "आता कसं," त्या म्हणाल्या. "काय केलंत, मावशी?"

"दोन म्हयने दूध-कॉफी पाजली," सासूबाईंनी छाती पुढं काढून सांगितलं. "ती आत्ता लागू पडली."

नर्सबाई काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात एस.टी.चा हॉर्न वाजला. मीही मान डोलावली. माझाही तोच समज होता.

मला मुलगी झाली, घरातच, नर्सबाईंच्या हाती. जेवढं जायचं तेवढं रक्त गेलं आणि थांबलं. ते थांबेपर्यंत सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या, पोरीकडं त्यांनी वळूनही बघितलं नव्हतं. त्यानंतर गावात कुठलीही गरोदर बाई फिकट दिसली, की त्या सांगायच्या, कॉफी पाजा, माजी सून कॉफीनं वाचली. बरं की वड्या नगरलाच मिळायच्या आणि महाग पडायच्या.

खरं कळलं ते थेट त्या मुलीला दिवस गेले तेव्हा. तिला घेऊन नगरला डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "चहा-कॉफीबरोबर अजिबात घेऊ नका. दुधाबरोबरही नाही. लोह अंगी लागत नाही. लिंबू-चिंच असं आंबट चालेल." मला इतकं हसू फुटलं, की लेकीनं कोपर मारलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तेव्हा खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, बाजेवर असायच्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंजी माज्या कॉफीनंच तुजं रगत धरलं न्हाई?"

"असं डॉक्टरीणबाई म्हणतात."

"अन् शेळी आटली म्हनून तू वाचलीस."

"तसंच दिसतंय, आत्याबाई."

"मंग शेळी शानी निगाली की आपल्या दोगींपरीस."

आम्ही दोघी हसलो. त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"थोरलीला बी मी कॉफीच पाजत हुते," त्या म्हणाल्या. "लई फिकी दिसायची. दोन-दोन येळा पाजायची."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गंमत सांगायला म्हणून मी त्यांच्या बाजेपाशी येऊन बसले होते.

"तिला गोळ्या कुठं होत्या, आत्याबाई?" मी म्हटलं. "तेव्हा नर्स नव्हती, काही नव्हतं. कॉफीनं बिघडायला पोटात गोळी तर पाहिजे."

"न्हवत्या गोळ्या," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

"खरं सांगतीस?"

"खरंच."

भाकरीतलं, भाजीतलं लोहही जेवणाबरोबरची कॉफी अडवते, हेही डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. ते मी सांगितलं नाही. सासूबाईंनी हळूहळू कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं. मी त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी केली आणि तिथंच, बाजेच्या कडेला, बराच वेळ बसून राहिले.