एका डब्यात तीन बिऱ्हाडं

देऊळगाव राजाच्या आमच्या जिनिंगमध्ये अख्खा सर्व्हर माझ्या हातात आहे. म्हणजे रोज सकाळी त्याच्यावरची धूळ मीच फडक्यानं पुसतो! पण पुसता पुसता कापसाच्या पुंजक्यांसारखे किस्सेही गोळा होतात.

आता वजनकाट्यावरचे भास्करभाऊ. त्यांचा वजनाचा प्रोग्राम जुन्या, काळ्या पडद्याच्या सिस्टीमवरच चालतो. नवा सर्व्हर आला तसे शेठ म्हणाले, "जुनं सगळं भंगारात!" भाऊंच्या रिटायरमेंटला दोन वर्षं, नवं शिकणं काही जमेना.

कंप्युटरवाल्या वैशाली मॅडम मधे पडल्या. "शेठजी, एकाच सर्व्हरचे तीन भाग करते. एकात भाऊंची जुनी सिस्टीम, दुसऱ्यात बिलांची नवी, तिसऱ्यात ऑफिसची. मधे पक्क्या भिंती, एक बंद पडली तरी बाकीच्या चालूच."

"करा. पण सीझनमध्ये एक गाडी जरी काट्यावर अडकली, तर जुनं बंद अन् भाऊ घरी!"

*

दसऱ्याला शेठ सर्व्हरसाठी एकच हार घेऊन आले. मी हळूच म्हटलं, "शेठ, आत तिघी राहतात. दोघी रुसतील ना!"

शेठले पटलं. उरलेले दोन हार आणायला भर उन्हात मलाच पिटाळलं!

*

अकाउंटंट प्रमोदराव कीबोर्ड असा बडवतात, जसं काही धुणंच धुऊन राह्यले. मी सांगितलं, "साहेब, हळू! भिंतीपलीकडं भाऊंची सिस्टीम म्हातारी आहे, दचकते."

आठवडाभर माणूस एका बोटानं, कुरवाळत टाईप करत होता. मॅडमनी विचारलं, "बोट दुखतंय का?"

"नाही हो, शेजारधर्म!"

*

सीझनचा पहिला दिवस. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, अन् बिलांची नवी सिस्टीम अपडेट घेत बसली! प्रमोदराव गोल फिरणाऱ्या चकरीकडं पाहत राहिले. मी पळत काट्यावर गेलो, "भाऊ, सर्व्हर गेला! चला, डबा उचला, घरी!"

भाऊ पांढरेफटक पडले. हात कीबोर्डवरून खाली आला. गाडीवाला ओरडला, "काऊन थांबले हो?"

शेठही दारात येऊन उभे. भाऊंनी बटन दाबलं. काळ्या पडद्यावर वजन उमटलं! प्रिंटरनं कर्रकर्र चिठ्ठी काढली. गाडी पुढं सरकली, मागची काट्यावर आली.

"चालू द्या जुनं," एवढं बोलून शेठ वळले.

मी दात काढले, "गंमत हो भाऊ! भिंत पक्की हाय का नाही, पाहा लागते ना?"

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "त्या तिघी एका डब्यात राहतात बे, पण एक दुसरीच्या कामात नाक खुपसत नाही. तू एकटा असून तिन्ही घरांत काऊन घुसून राह्यला?"