अदोमच्या राजाची खुर्ची

गादीकाकांचं म्हणणं असं, की खुर्ची उसवली की माणूस कळतो. पुढची स्प्रिंग बसलेली असेल, तर मालक सदा उठून अंगावर यायच्या तयारीत. हात फाटलेले असतील, तर भित्रा. मधोमध खड्डा असेल, तर राग धरून एकाच जागी बसलेला.

ते सोफे-खुर्च्या नव्याने मढवतात. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. साहित्याची पदवी घेतली आहे आणि नोकरी शोधते आहे, म्हणून बहुतेक वेळ खालीच असते. ते मला पदवीधर म्हणतात.

काका ज्यू आहेत. दर शनिवारी त्यांच्या प्रार्थनालयात तोरातला, म्हणजे मोशेच्या ग्रंथातला, त्या आठवड्याचा भाग वाचतात. मग कुणीतरी त्यावर चार शब्द बोलतं. या शनिवारी पाळी काकांची होती. विषय तीन राजांचा.

"मोशे आमच्या पूर्वजांना मिसरच्या गुलामीतून सोडवून निघालाय," दाभणात दोरा ओवत ते म्हणाले. "वाटेत अदोमचं राज्य. मोशे दूत पाठवतो. निरोप असा, तुझा भाऊ असं म्हणतो, आम्हाला जाऊ दे. शेतात शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही. राजा म्हणतो, पाऊल टाकलंस तर तलवार काढीन. पुढे सीहोन. त्यालाही हीच विनंती. तो थेट सैन्य घेऊन धावला. तिसरा बालाक. त्याच्याकडे कुणी काही मागितलंसुद्धा नव्हतं. तो नुसता बघूनच घाबरला आणि शाप द्यायला माणूस बोलावला."

"मग वाईट कोण?"

"वाईट सगळेच गं. कशापायी वाईट, ते बघायचं. सीहोनची पुढची स्प्रिंग गेलेली. माजोरडा. बालाकचे हात फाटलेले."

"आणि अदोम?"

"खड्डा." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तो थोरल्या भावाच्या वंशातला, आम्ही धाकट्याच्या. धाकट्याने बापाचा आशीर्वाद पळवला. ते पिढ्यान्‌पिढ्या मनात धरून बसलाय."

बोलताना त्यांची नजर भिंतीतल्या बंद दाराकडे गेली.

दारापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं सुतारकाम चालतं. पूर्वी थोरला सांगाडा करायचा, धाकटा मढवायचा, आणि तयार माल थोरल्याच्या दुकानातून रस्त्यावर जायचा. मग वडील गेले. जाताना आपली हातोडी त्यांनी धाकट्याच्या हातात दिली. थोरल्याने आपल्या बाजूने कडी घातली. तेव्हापासून काका फक्त खुर्च्या करतात. त्या मागच्या बोळातून जातात.

या वेळी मात्र सोफा होता. नव्या हॉटेलचा. पसंत पडला तर हॉटेलचं सगळं काम काकांना मिळणार होतं. टेम्पो शुक्रवारी दुपारी यायचा होता. दुसऱ्या सुताराने केलेला सांगाडा दोन तुकड्यांत बोळातून आत आला. काकांनी तो जोडला, मढवला, शेवटचं बटण ओढून बसवलं आणि मागे सरून बघितलं.

मीही बघितलं. सोफा बोळाकडच्या दारापेक्षा मोठा होता.

"काका, मोजलं नव्हतं?"

"जन्मभर सोफे त्या दारातून गेलेत गं," ते बंद दाराकडे हात करून म्हणाले. "भांडण झालंय, हे हाताला कुठे ठाऊक?"

कापड फाडल्याशिवाय सांधा सुटणार नव्हता. टेम्पो यायची वेळ होत आली होती. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"पदवीधर, दूत म्हणून जाशील?"

मी बोळातून वळसा घालून पुढच्या दुकानात गेले. थोरले रंधा मारत होते. शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, "तुमचे बंधू म्हणतात, आम्हाला जाऊ द्या. तुमच्या फळ्यांना हात लावणार नाही. तुमच्या नळाचं पाणी पिणार नाही. डावीउजवीकडे न वळता सरळ जाऊ."

त्यांनी रंधा ठेवला. भिंतीवरची मोठी करवत काढली.

"सांग त्याला, पाऊल टाकलंस तर ही काढीन."

मी आल्या पावली परतले. ग्रंथांवर मी खूप लिहिलं होतं. ग्रंथातून माझ्यावर करवत कुणी उगारली नव्हती.

काकांनी पुन्हा पाठवलं. "पाणी प्यायलोच, तर मोल देऊ."

"हेही आहे ग्रंथात," थोरले म्हणाले. "पाठांतर बरं आहे त्याचं. उद्या बोलणार ना तो? अदोमला राग कशाचा आला म्हणतो?"

"जुन्या आशीर्वादाचा."

"गाढव आहे." त्यांनी करवत बाकड्यावर आपटली. "'तुझा भाऊ असं म्हणतो.' आणि भाऊ कुठाय? दूत! दुसऱ्यांदा पुन्हा दूत! अरे, भाऊ म्हणवतोस तर ये की चालत!"

मी शब्दन्‌शब्द काकांना सांगितला. ते एका खुर्चीत बसले. बरोबर मधोमध.

"हे मला सुचलं नाही," ते म्हणाले. "सुचलं असतं, तरी बोललो नसतो, गिळलं असतं."

मग उठले. हातोडी घेतली आणि बोळातून निघाले. मी बंद दाराला कान लावला.

"दादा."

"दूत संपले वाटतं?"

"संपले."

"कडी गंजलीय. हातोडी आणलीस?"

"आणलीय."

ठक. ठक.

"असं मारतात होय? बाबांनी काय बघून तुला दिली कोण जाणे. आण इकडे."

एकच ठोका पडला. दार उघडलं. हातोडी थोरल्यांच्या हातात होती, आणि काका ती मागत नव्हते.

थोरले सोफ्यावर बसले, दोनदा उसळले. "सांगाडा कुणाचा? कण्हतोय."

"आहे एक सुतार."

"त्याला सुतार म्हणू नकोस."

टेम्पो आला तेव्हा ते दोघं अजून कण्हण्यावरच भांडत होते. मी सोफ्याची मागची बाजू धरली. डावीउजवीकडे न वळता आम्ही सरळ बाहेर पडलो.

शनिवारी मी प्रार्थनालयात मागे बसले. काकांनी सीहोनची स्प्रिंग काढली, बालाकचे हात दाखवले. लोक हसले. मग काका म्हणाले,

"अदोमचं मी चुकीचं तयार केलं होतं. ते माझ्या दादाला विचारा."

सगळ्यांच्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. थोरले उठले नाहीत.

"सांगतो," ते म्हणाले. "पण उद्या सगळ्यात आधी हे बाक मढव. टोचतंय."