सोमेश्वरचा भोवरा

तीर्थपुरीच्या आसपास विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती सोमेश्वरकडं भरायला, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यायला, आणतात. आठवीत मी त्याला विज्ञान शिकवलं. उत्तर पटलं नाही तर तो खाली बसायचा नाही. अजूनही बसत नाही.

लहानपणी गोदावरीच्या पुरात त्यानं भोवरा पाहिला. आख्खी बाभूळ गरगरा फिरत आत गेली. एवढी ताकद येते कुठून, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं मोबाइलवर परदेशी यंत्रं बघून त्यानं स्वतःचं उत्तर काढलं. पाणी एकाच दिशेनं जोरात फिरलं की त्याला चुंबकासारखे दोन ध्रुव येतात, मग भोवरा स्वतःलाच ओढत राहतो आणि बाहेरची वीज लागत नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात त्यानं यंत्र उभं केलं. पुरुषभर उंचीचा ड्रम, तळाशी पाणी घुसळणारी मोटर, भोवऱ्यात फिरणारं चुंबकांचं चक्र, बाहेरून तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यावर एक बल्ब. मोटर चालू असली की बल्ब मिणमिणायचा. मोटरची पिन बोर्डातून काढली की तोही जाणार, असं मी त्याला अनेकदा सांगितलं. घातलेल्यापेक्षा जास्त काही बाहेर येत नसतं. तो शांतपणे विचारायचा, "सर, तुम्ही लावून बघितलंय का?" मी बघितलेलं नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी दुकान रिकामं करून धुतात. यंदा मुलगा अंगद, जो आता दुकान सांभाळतो, त्याला तो कोपरा नव्या पंपांसाठी हवा होता. त्यानं बापाला अट घातली. अष्टमीला सगळ्यांसमोर पिन काढायची. दिवा टिकला तर यंत्र पूजेला बसेल, नाहीतर भंगारात जाईल. सोमेश्वर लगेच हो म्हणाला आणि मला बोलावणं आलं.

शेजारचा चहावाला कल्याण आधीच येऊन बसला होता. सोमाभाऊ आता गावाचं लाईटबिल माफ करणार, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

ड्रम घुमू लागला. बल्ब लागला. सोमेश्वरनं पिन उपसून सगळ्यांना दाखवली.

बल्ब जळतच राहिला.

आम्ही वाट पाहिली. तो विझेना. अंगदनं वाकून बापाचे पाय धरले. कल्याण चहा सांगायला उठला. मी त्याच्या हातातली पिन पुन्हा बघितली.

सोमेश्वर मात्र स्टुलावर चढून ड्रममध्ये बघत होता.

"भोवरा थांबलाय," तो म्हणाला.

"थांबू दे ना सोमाभाऊ," कल्याण म्हणाला. "दिवा तर चालूय."

"मंग तो दिवा माझा न्हाई."

तो खाली उतरला आणि वेटोळ्याची तार हातानं चाचपत ड्रमच्या मागं गेला. तिथं सिरीजचा चिमटा सापडला. मोटर भरणारे लोक प्रत्येक वेटोळं बोर्डावरच्या बल्बमधून वीज सोडून तपासतात, त्याला ते सिरीज म्हणतात. सकाळी हाताच्या सवयीनं त्यानं हेही वेटोळं तपासलं होतं आणि चिमटा तसाच राहिला होता; मोटरसाठी बोर्ड चालू केला तेव्हापासून त्यातूनच बल्बला वीज मिळत होती. त्यानं तो काढून उंच धरला. बल्ब गेला.

अंगद हळूच म्हणाला, "बाबा, कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं ना. भंगारवाल्याला बोलव, शब्द दिलाय."

त्यानं चक्र आणि वेटोळं तेवढं सोडवून घेतलं, आणि ड्रम स्वतः हात लावून गाड्यावर चढवला.

"सुटला एकदाचा नाद," कल्याण म्हणाला.

"ड्रम सुटलाय," सोमेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या दुकानात पक्कड, हातोडा, वायंडिंगचं मशीन मांडलं होतं. शेवटी त्यानं चक्र आणि वेटोळं आणून ठेवलं. अटीत बसत नाही, असं अंगद पुटपुटला. अट ड्रमची होती, एवढं सांगून बापानं कुंकू लावलं.

सध्या घरामागं, धुण्याच्या दगडाशेजारी, त्याच्या बायकोनं, नंदाबाईंनी, नाइलाजानं दिलेल्या ज्वारीच्या पिंपात पाणी फिरतं आहे. मी अजूनही सांगतो, पिन काढली की दिवा जाणार. तो ऐकून घेतो आणि तार गुंडाळत राहतो. रोज संध्याकाळी सगळ्यांदेखत पिन काढतो, आणि दिवा जातो.

यंत्र तो पूर्वी दुकानातच जोडायचा. आता वेटोळं तपासायचं असलं की सोडवून घरून दुकानात नेतो, आणि तपासून झालं की परत आणतो. सिरीजची वायर घरी आणत नाही.