काकांच्या कार्बाइनी

शस्त्र जपणाऱ्या घराच्या जिवावर अख्खं गाव निर्धास्त झोपतं. हे माझ्या काकांचं वाक्य. शिलाई मशीनमध्ये तेल सोडलं की त्या वासाबरोबर ते अजून आठवतं. निजामाच्या फौजेतून बाद झालेल्या जुन्या कार्बाइनी, म्हणजे आखूड बंदुका, जमवायचा त्यांना षौक होता. ताडकळसजवळच्या आमच्या घरी बैठकीत त्या भिंतीवर ओळीनं टांगलेल्या असत आणि काका रोज तेलाच्या फडक्यानं पुसत.

निजामीच्या शेवटच्या वर्षी खेड्यांवर लुटारूंच्या टोळ्या येऊ लागल्या. गावाबाहेर पाल टाकून राहणारा मेंढपाळ हनमंता एका दुपारी दारात उभा राहिला.

"मालक, एक बंदूक द्या. लुटारू झरी गावापोतर आलेत म्हणं. माझी लेकरं उघड्यावर हायत."

काकांचं फडकं थांबलं नाही. "घामाचा हात लागला की गंज धरतो, हनमंता. शिवाय ओळ मोडेल."

"व्हय, वळ मोडंल," हनमंता म्हणाला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात त्याचं पाल जाळलं गेलं. थोरला मुलगा त्यात गेला. काका मला कंजूष वाटले.

निजामी संपल्यावर फौजदार बंदुका जमा करायला आला.

"साहेब, यातली एकही उडत नाही," काका घाईनं म्हणाले. "फौजेनं विकतानाच गोळी उडवणाऱ्या आतल्या पिना काढून घेतल्यात."

फौजदारानं एकेक उघडून पाहिली. ते खरं होतं.