पालकाची सही

आईवडील गेल्यावर मी शिकले ती अनाथ मुलांच्या शिष्यवृत्तीवर. दरवर्षी शाळा उघडली की नागपूरच्या कचेरीत जायचं आणि पालकानं साहेबांसमोर फॉर्मवर सही करायची. पहिल्या वर्षी मामा आलाच नाही. मी पायरीवर रडत बसले.

“काहून रडून राहिली वं?” शेजारी जांभळं विकणाऱ्या बाईनं विचारलं. कारण ऐकल्यावर टोपली तशीच टाकून ती आत आली आणि ‘मावशी’ म्हणून अंगठा देऊन गेली. तिच्या जांभळ्या बोटांत शाईचा डाग वेगळा दिसलासुद्धा नाही.

पुढं दरवर्षी तीच माझी पालक. मॅट्रिकच्या वर्षी साहेबांनी सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते मागं लोटलं आणि पेन मागितला. ओठ दाबून, एकेक अक्षर कोरत तिनं सही केली.

“नातीच्या पाटीवर शिकली,” ती मला म्हणाली. “तू आता कालेजात जाशीन. तुह्या कागदावर अंगठा बरा दिसते का?”

आधीच्या फॉर्मांवर अंगठ्याशेजारी साहेब तिचं नाव लिहीत. मी ते कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. इथं मात्र लिहीत नाही. ते तिच्याच हातचं शोभतं.