डावीकडची मूठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आज लिहायला बसले तरी दोनदा उठून दाराची कडी पाहून आले — भर दुपारी, घरात एकटीच असताना. कुणाला भिते आहे मी?

माझ्या शाळेची स्मरणिका निघते आहे. तिचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळा पुण्यातली, सरकारी. पण जिल्ह्यातल्या गावागावांतून परीक्षा घेऊन मुलं निवडायची आणि आठवीपासून वसतिगृहात ठेवायची. जुन्या छापखान्याच्या इमारतीत सुरू झाली म्हणून पहिला वर्ग छपाईचा, मग सुतारकाम, विजेची कामं, रोपवाटिका. आठवड्यातले दोन दिवस पुस्तक उघडायचंच नाही, हातानं काम करायचं. निमगाव साव्यात कांद्याच्या वाफ्यात वाढलेली मी तिथं गेले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. त्या शाळेचं माझ्यावर ऋण आहे. हे मनापासून लिहिते आहे.

अकरा पानं भराभर झाली. बाराव्यावर मी अडले आहे.

त्या पानावर प्रवेशाची रीत यायची आहे. लेखी परीक्षेत निवडलेल्यांनी मुलाखतीला स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू आणायची. विकतची चालत नसे. उत्तम वस्तू शाळा ठेवून घ्यायची, सभागृहातल्या काचेच्या कपाटात. त्या कपाटात लोकर कातायचं एक छोटं यंत्र आहे. डालड्याच्या डब्याचं झाकण, त्याला लाकडी मूठ. झाकणावरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा एका दोऱ्याच्या रिळावर गेलेला, आणि रिळात चाती बसवलेली — लोकर कातायची ती लाकडी काडी. मूठ फिरवली की चाती गरगर फिरते. मूठ डावीकडे आहे. खाली माझं नाव आहे.

तुम्हाला समजलंच असेल. तरी मला नीट सांगू द्या.

बाजरी निघाली की आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसायची. दरवर्षी एकच कळप यायचा, पेठ गावाजवळच्या एका वाडीवरचा. त्यांची ठकू माझ्याच वयाची. शाळेपुरती पेठेला मामाकडे राहायची आणि दिवाळीच्या सुट्टीत बापाबरोबर कळपामागे यायची. ती डावखुरी होती. सातवीत होतो तेव्हा तिनं ते यंत्र आणलं आणि बांधावर बसून मला फिरवून दाखवलं. "आयचा हात लई दुखतो," म्हणाली, "म्हनून केलं." मामाला पोरीनं भंगारात हात घातलेला खपत नव्हता, आणि कळपामागे फिरताना ते मोडलं असतं. जाताना ते माझ्याकडे ठेवून गेली. "मोडशील बिडशील तर बघ हां! फुडच्या दिवाळीला नेईन."

उन्हाळ्यात मला मुलाखतीचं पत्र आलं. माझ्याकडे वस्तू नव्हती. मी एक पाट करायला घेतला होता, तो डुगडुगत होता. आणि फळीवर ते यंत्र होतं.

सरांनी विचारलं, मूठ डावीकडे का? माझ्या तोंडातून निघालं — उजवा हात लोकर सोडायला मोकळा राहावा म्हणून. मुलाखत घेणारे सगळे सर एकमेकांकडे बघून हसले. खूश होऊन. त्या एका उत्तरावर मला जागा मिळाली, असं पुढे मला त्यांनीच कौतुकानं सांगितलं.

इथवर चोरी होती. एवढंच असतं तर कदाचित मी कधीच सांगून टाकलं असतं. की तेव्हाही घाबरलेच असते?

दिवाळीत ठकू यंत्र न्यायला आली. मी सुट्टीला घरीच गेले नाही — अभ्यासाचं कारण काढलं. आईनं तिला सांगितलं, ते पुण्याला शाळेत आहे, अशी अशी शाळा आहे. ठकू रागावली नाही. एक वर्ष तिचं बुडालं होतं, ती अजून सातवीतच होती. तिनं परीक्षेचा फॉर्म भरला, लेखी पास झाली आणि उन्हाळ्यात मुलाखतीला नवं यंत्र घेऊन आली. आधीच्यापेक्षा चांगलं. दोन चात्यांचं.

सुट्टीतल्या जादा तासाला मी शाळेतच होते. मला वर्गातून बोलावून नेलं. टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी. ठकू मला बघून हसली, सुटल्यासारखी. "ही बघा आली, सर. हिलाच इचारा. हिच्याकडंच ठिवलं व्हतं मी." तिनंच माझं नाव साक्षीला दिलं होतं.

सर मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. मूळ कल्पना कोणाची?"

समोर हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. ठकूच्या डाव्या हाताला शाई लागली होती. नुकतीच सही केली असणार. कुणी तो हात पाहिला असता तर! मी पाहिला. आणि मी म्हणाले, "माझी, सर. तिनं आमच्या रानात बघितलं असेल."

"अगं, सांग की खरं," ठकू म्हणाली. अजून हसतच होती. तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे. मग तिचं हसू गेलं. तिला जागा मिळाली नाही.

गेल्या आठवड्यात या लेखासाठी मी ते कपाट उघडायला लावलं. शिपाई बाजूला गेल्यावर मूठ उजव्या हातानं फिरवून पाहिली. मनगट अडतं. हात बदलला की चाती भिरभिरते. इतकी वर्षं कुणीही फिरवून पाहू शकलं असतं. मी रोज त्या भीतीनं सभागृहात शिरत होते. बाराव्या पानावर आता ठकूचं नाव लिहिलं आहे. पान उद्या देणार आहे.

एक राहिलं. त्या दिवशी सरांनी मला वर्गात जायला सांगितलं, तेव्हा व्हरांड्यात ठकूचा बाप पटका मांडीवर घेऊन बसला होता. आत काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. मला बघून तो उठून उभा राहिला — माझ्यासाठी, तेरा-चौदा वर्षांच्या पोरीसाठी.

"तू हायेस म्हनून घोर न्हाई बघ, बाई. आमच्या ठकीला सांभाळून घे."

मी म्हणाले, "हो, बाबा."