पायरीवरची सावली

शाळेत रुजू होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. गाव मराठवाड्यातल्या डोंगरकडा गावाजवळ. सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं. मी विज्ञान शिकवायचे आणि मला सगळं येतं असा माझा समज होता.

गावोगाव सिनेमा दाखवत फिरणारी एक गाडी तेव्हा यायची. एरवी खेळ दिवस मावळल्यावर पारावर व्हायचा. पण त्या दिवशी गाडीला पुढे वारंगा फाट्याकडे जायचं होतं, म्हणून हेडमास्तरांनी भर दुपारीच खेळ ठेवला. आम्ही सातवीच्या खोलीच्या खिडक्यांवर वाकळा टांगल्या आणि दाराला गोणपाट लावलं. लेकरं पुढे दाटीवाटीनं बसली, मागे भिंतीला टेकून गावातल्या पाच-सहा बायका. त्यांत तिसरीतल्या एका पोराची आजी होती. ती रोजानं शेतात निंदायला जायची. त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून शेळ्या बाहेर लिंबाला बांधून आली होती.

मशीन चालवणाऱ्या माणसानं आधीच सांगून टाकलं, "हा लई जुना पिक्चर हाय. मुका. आवाजाची वाट बघू नका."

पडद्यावर एक मुंडासं बांधलेला जादूगार आला. त्यानं फुंकर घातली की घागर रांजणाएवढी व्हायची. त्याचं स्वतःचं मुंडकं धडावरून उडून फळीवर जाऊन बसायचं आणि तिथून डोळे मिचकावायचं. लेकरं हसून हसून एकमेकांवर लोळत होती. मग जादूगारानं एका नोकराला वाड्याच्या खांबाजवळ पायरीवर बसवलं, दोन्ही हात वर केले, आणि नोकर गायब. नुसती पायरी उरली.

पुढच्या रांगेतल्या पोरीनं मागे वळून विचारलं, "बाई, कुठं गेला ओ तो?"

हेडमास्तरही माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि ठामपणे सांगितलं, "त्याच्यापुढे मोठा आरसा सरकवतात. आरशात बाजूची भिंत दिसते आणि माणूस झाकला जातो." असं कुठंतरी वाचलं होतं, ते स्टेजवरच्या जादूबद्दल होतं की कशाबद्दल, ते मला आठवत नव्हतं. तरी लेकरांनी माना डोलावल्या.

मागून आजीचा आवाज आला. "बाई, एक इचारू का? त्या खांबाची सावली पुढं कशी गेली मग? गडी बसलेला तवा ती दुसऱ्या पायरीला होती. गडी गेला अन् तिसरीला टेकली. आरसा लावल्यावर सावली काहून चालंल?"

मला सावली दिसलीच नव्हती. मशीनवाल्यालाही नाही. त्यानं मशीन थांबवलं, एक खटका ओढला आणि पिक्चर उलटा चालवला. नोकर पायरीवर परत अवतरला, मुंडकं फळीवरून उडून धडावर बसलं, रांजणाची घागर झाली. लेकरांना मूळ पिक्चरपेक्षा हेच जास्त आवडलं. "अजून उलटा, अजून उलटा," असा गिल्ला सुरू झाला.

मग त्यानं तो तुकडा सुलटा, सावकाश लावला. आम्ही सगळे नोकर सोडून खांबाकडे बघत बसलो. सावली खरंच एका पायरीनं सरकली.

"मदी बराच वखत गेला," आजी म्हणाली. "खुरपायला धरलेल्या ओळींची अर्धी पात उरकती तेवढा. पिक्चर काढायचं मशीन बंद केलं असंल, तेवढ्यात गडी उठून गेला असंल. अन् त्या जादूगाराला तसंच हात वर धरून उभं केलं. हात भरून आले असतील बिचाऱ्याचे."

मशीनवाला म्हणाला, "व्हय, असंच करत्यात. म्या ऐकलेलं. पण मावशी, इतकी वर्सं हा डबा घेऊन हिंडून राहिलो, ती सावली मला न्हाई दिसली."

"तुमच्या हाताला घड्याळ हाय," ती म्हणाली. "आमी सावलीवरच सुट्टी घेतो."

माझे कान तापले होते. पण लेकरं माझ्याकडे बघत होती, म्हणून मी सांगितलं, "माझं चुकलं. आजी सांगतात ते बरोबर आहे." बोलून झाल्यावर अवघडल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, उलट हलकंच वाटलं. त्यानंतर वर्गात "मला माहीत नाही, बघू या" असं म्हणायची मला सवय लागली.

पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात लेकरांनी तीच जादू करायची ठरवली. मशीन कुठून आणणार? मग असं ठरलं की जादूगार "मिटा" म्हणाला की बघणाऱ्यांनी डोळे मिटायचे, तेवढ्यात स्टुलावर बसलेल्यानं पडद्यामागे जायचं, आणि टाळी वाजली की डोळे उघडायचे. गायब आजीनं व्हावं, असा लेकरांचा हट्ट. ती आधी लाजली, मग नवं लुगडं नेसून आली.

सगळ्या गावानं डोळे मिटले. टाळी वाजली, डोळे उघडले, स्टूल रिकामं. जोरात टाळ्या पडल्या. आता तिला परत आणायचं होतं. पुन्हा डोळे मिटले, टाळी वाजली. स्टूल रिकामंच. जादूगार झालेल्या पोरानं आणखी दोनदा डोळे मिटायला लावले. शेवटी मीच पडद्यामागे जाऊन बघितलं, तर तिथं कुणीच नव्हतं. लोक इतके हसले की पुढची नाटुकली सुरू व्हायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिला वाटेत गाठलं. "आजी, काल कुठं गेलात?"

"शेळ्या सुटल्या होत्या," ती म्हणाली. "अन् बाई, गायब व्हा म्हणलात, झाले. परत या असं कुणी म्हणलं होतं का?"

खरंच, तालमीत तेवढं सांगायचं आमच्याकडून राहून गेलं होतं.